महिन्याचा पहिला बुधवार

"मॅडम, टेबल ठेवू का सोडू?"

जेवणघराच्या कॅप्टनने तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा त्याने पाणी ओतता ओतता विचारलं होतं, दुसऱ्यांदा नुसत्या भुवया उंचावून. आता मात्र दाराशी एक जोडपं ताटकळत उभं होतं आणि खिडकीजवळचं दोन खुर्च्यांचं टेबल पाऊण तास एकट्या बाई अडवून बसल्या होत्या.

"दहा मिनिटं थांब," बाई म्हणाल्या. "येतील ते. वेळ चुकवणारा माणूस नाही."

"तेच म्हणतोय ना मी. सव्वा म्हणजे सव्वा. पाच वर्षांत एकदाही मागेपुढे झालं नाही, म्हणून तर विचारतोय."

बाईंनी पुन्हा फोन लावला. पुन्हा तोच शिकवून ठेवलेला आवाज: आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, तिचा फोन बंद आहे. बाईंनी उमेदीची सहा वर्षं याच हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. असल्या आवाजाच्या मागे कुणी बसलेलं नसतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

ज्यांची वाट बघणं चाललं होतं ते साहेब म्हणजे औषधं बनवणाऱ्या एका कंपनीचे प्रशासनप्रमुख. प्रमुख होते, म्हणायला हवं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. नोकरीत असताना कंपनीचे सगळे पाहुणे आणि सगळ्या बैठका त्यांच्या सहीने या हॉटेलात यायच्या. निवृत्तीनंतर सही गेली, गाडी गेली, दाराबाहेर बसणारा शिपाई गेला. राहिला तो महिन्याचा पहिला बुधवार. त्या दिवशी ते टाय लावून, काखेत एक फाइल मारून बसने यायचे आणि उजेड डोळ्यांवर येतो म्हणून खिडकीकडे पाठ करून बसायचे. बिनमिरीचं सूप, भाजलेला मासा आणि शेवटी एक कस्टर्ड दोघांत. बाईंनी विक्रीच्या तीस वर्षांत शेकड्यांनी करार केले. बिनसहीचा तेवढाच एक.

मागच्या महिन्यात साहेब खोकत होते. सूप अर्धवट टाकलं होतं. आणि मध्येच, चमचा खाली ठेवून, त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला होता.

"खरं सांगा, मला बोलावता ते कीव येते म्हणून नाही ना?"

बाई हसल्या होत्या. हसणं हा त्यांच्या धंद्याचा भाग होता, ते केव्हाही तयार असायचं. "काहीतरीच काय साहेब. पुढच्या वर्षीचा करार तुमच्याशिवाय कोण बघणार?"

साहेबही हसले होते. विषय संपला होता. महिनाभर ते उत्तर बाईंना सलत होतं. आज त्या ठरवून आल्या होत्या, की सूप यायच्या आत सांगून टाकायचं: कीव कसली साहेब, महिन्यातून एक दिवस मी कुणाशी बोलते, तो हा.

हॉटेलच्या विक्री विभागात काम करणं म्हणजे खोल्या विकणं, असं लोकांना वाटतं. खोल्या सगळ्याच हॉटेलांकडे असतात. विकायची असते ती ओळख, आणि ती आधी करावी लागते. हे बाईंना शिकवलं तेही साहेबांनीच. बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या. "पोरीचा आवाज गोड आहे, बोर्डावर कशाला कुजवता, पाठवा बाहेर," असं कुण्या व्यवस्थापकाच्या मनात आलं आणि बाई एका सकाळी माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. दोनशे खोल्या, तीन सभागृहं, पोहण्याचा तलाव, सगळं एका श्वासात म्हणून दाखवलं. साहेबांनी मान खाली घालून ते ऐकलं.

"झालं?" ते म्हणाले. "आता बसा. पाणी प्या."

बाई प्यायल्या.

"तुमच्याकडे काय काय आहे ते कळलं. माझं काय अडलंय ते विचारलंत?"

बाईंनी विचारलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. साहेबांचं अडलं होतं ते असं, की कारखाना तपासायला येणारे परदेशी पाहुणे पहाटे पाचला उतरायचे आणि कुठलंही हॉटेल दुपारी बारापर्यंत खोली द्यायचं नाही. पाहुणे बुटांसकट सोफ्यावर पेंगत बसायचे आणि मग दिवसभर कारखान्यात खुसपटं काढायचे. बाई परतल्या, खोल्या देणाऱ्या लोकांशी आठवडाभर भांडल्या, आणि दर वेळी सहा खोल्या आदल्या दिवसापासून राखून ठेवायचं कबूल करून घेतलं. कंपनी मिळाली. सही करताना साहेब म्हणाले, "काय ऑपरेटर, लाइन जोडलीत शेवटी." तेव्हापासून त्यांनी बाईंना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही.

पुढे बाई वाढल्या. पायाला भिंगरी आणि जिभेवर साखर, अशी त्यांची ख्याती झाली. ज्या मुलीला अनोळखी माणसासमोर घाम फुटायचा, ती मोठमोठ्या अधिकाऱ्यांना गुडघ्याची चौकशी करून पाघळवू लागली. त्यांच्या टेबलावर एक लाकडी पेटी असायची, तीत गिऱ्हाइकांची कार्डं. कुणाला दोन उशा लागतात, कुणाची मुलगी परीक्षेला बसली आहे, कुणाला लिफ्टजवळची खोली चालत नाही. अकराशे माणसं. रोज सकाळी नऊ ते दहा बाई त्या दिवशीच्या वाढदिवसांचे फोन करायच्या. नव्या विक्रीप्रमुखाने हे काम संगणकाला दिलं तरीही त्या करतच राहिल्या, म्हणाल्या, "संगणक शुभेच्छा देईल, पण 'सासूबाई कशा आहेत' कोण विचारणार?"

या अकराशेंपैकी कुणी बाईंचा वाढदिवस विचारला नव्हता. त्यात त्यांची चूक नव्हती. सामान बांधून देणाऱ्या दुकानदाराला, तुझ्या घरी आज काय शिजलं, असं कोण विचारतं? लग्नाचं वय फिरतीत गेलं, नंतर आईचं आजारपण आलं, आणि आई गेल्यावर दोन खोल्यांच्या घरात बाई आणि एक गळका नळ एवढेच उरले. भाऊ दूरदेशी होता. त्याचा फोन यायचा, पण त्याच्याकडे तेव्हा सकाळची घाई असायची.

विक्रीच्या धंद्यात माणूस निवृत्त झाला की त्याचं कार्ड पेटीतून काढून टाकतात. गरज सरो, वैद्य मरो. बाईंनी साहेबांचं कार्ड काढलं नाही. वाढदिवसाला सवयीने फोन केला, तर पहिल्याच घंटीला उचलला गेला. पहिल्या घंटीला उचललेला फोन काय सांगतो, हे बोर्डावर सहा वर्षं काढलेल्या बाईला कुणी समजावायला नको. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, पुढच्या वर्षीच्या करारासाठी जरा सल्ला हवा होता. बुधवारी जेवायला याल?"

"बघतो," साहेब म्हणाले होते. "वेळ काढावा लागेल." सल्ला कुणालाच नको होता हे त्या बाजूलाही कळलं असणार. पण ते आले, फाइल घेऊन.

खोटं बोलण्याला एक कारण आणखी होतं. हॉटेलच्या माणसाने हॉटेलच्या जेवणघरात बसायचं नाही, बसलाच तर कामाच्या पाहुण्याबरोबर, असा कडक नियम. त्यासाठी एक फॉर्म भरावा लागे: पाहुणा कोण, काम काय. पैसे बाई स्वतःच्या खिशातून द्यायच्या, पण नियम पैशांचा नव्हता, बसण्याचा होता. म्हणून पाच वर्षं दर महिन्याला बाई 'काम' या रकान्यात लिहीत आल्या: पुढील करारावर चर्चा. प्रत्यक्षात चर्चा व्हायची ती गळक्या नळाची. आईचा पलंग काढून टाकावा का ठेवावा, याची. साहेब तासभर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "राहू द्या. पलंग काही मागत नाही."

दोन वाजले. बाई उठून ऑफिसात आल्या आणि त्यांनी पेटीतून साहेबांचं कार्ड काढलं. त्यावर सगळं होतं, मिरीपासून मोतीबिंदूच्या ऑपरेशनपर्यंत. घरचा फोन नव्हता, पत्ता नव्हता. गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर जायचं नाही, हा धंद्याचा रिवाज. बाईंनी तो इतका काटेकोर पाळला होता, की ज्या माणसाच्या दाढदुखीचीही त्यांना खबर असायची, तो कुठल्या गल्लीत राहतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

कंपनीत फोन केला. पलीकडच्या मुलीने नाव दोनदा विचारलं आणि असं कुणी इथे नाही म्हणून सांगितलं. मग बाईंना साहेबांच्या जुन्या ड्रायव्हरची आठवण झाली. तो आता कंपनीच्या फाटकावर बसायचा. त्याचंही कार्ड पेटीत होतं. बाईंनी ड्रायव्हरांनाही कधी वगळलं नव्हतं.

"मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्हाला कुणी कळवलं नाही का?"

"काय कळवायचं?"

"साहेब गेले. तीन आठवडे झाले. छातीत कफ झाला होता. इस्पितळात नेलं, चौथ्या दिवशी संपलं सगळं. मलापण उशिराच कळलं. आमच्याकडनं कुणी गेलंसुद्धा नाही बघा."

बाईंनी पत्ता लिहून घेतला. अक्षर नेहमीसारखं टपोरं आलं, याचं त्यांना नवल वाटलं. तीन आठवडे. म्हणजे तोही बुधवारच असेल, किंवा गुरुवार. त्या दिवशी सकाळी नऊ ते दहा आपण नेहमीसारखे फोन केले असतील, कुणाच्या तरी नातवाचे दात आले का ते विचारलं असेल. त्यांना एकदम खूप राग आला. कुणाचा ते समजेना, म्हणून तो तसाच विरून गेला आणि त्याच्या जागी नुसती पोकळी उरली.

जाताना त्या जेवणघराच्या दारात थांबल्या. "सोड टेबल," त्यांनी कॅप्टनला सांगितलं.

बसमध्ये बाईंनी काय बोलायचं याची तयारी केली. भेटीला जाण्याआधी तयारी करायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पण या भेटीचं घोडं पहिल्याच वाक्यावर पेंड खाऊ लागलं. मी कोण? मैत्रीण म्हणावं, तर त्रेपन्नाव्या वर्षी परक्याच्या दारात तो शब्द तोंडातून निघेना. स्नेही म्हणावं, तर ते वर्तमानपत्रातल्या निधनाच्या चौकटीतलं. शेवटी त्यांनी एक साधं, सरळ वाक्य पक्कं केलं: आम्ही दर महिन्याला एकत्र जेवायचो. त्यात खोटं काही नव्हतं. त्यावर कुणीतरी म्हणेल, मग तुम्हालाही फार लागलं असेल. बाईंना एवढंच ऐकायचं होतं. आयुष्यात एकदा तरी कुणाच्या तरी जाण्याने त्यांचंही काही गेलं, असं दुसऱ्याने धरून चालावं, एवढंच.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. घंटा वाजवल्यावर पस्तिशीतल्या माणसाने दार उघडलं. साहेबांचंच कपाळ, साहेबांचेच कान.

"कोण हवंय आपल्याला?"

आणि बाईंचा हात पर्समध्ये गेला. दोन बोटांनी कार्ड बाहेर निघालं, दुसरा हात त्याला येऊन मिळाला, कंबर किंचित वाकली, चेहऱ्यावर ते तयार हसू आलं आणि व्हिजिटिंग कार्ड त्या मुलाच्या हातात गेलं. तीस वर्षं प्रत्येक नव्या दारात जे हात करत आले, तेच त्यांनी केलं. मालकिणीला विचारलंच नाही. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्ड परत ओढून घ्यावंसं वाटलं, पण मुलगा ते वाचत होता.

"हॉटेल?" तो गोंधळून म्हणाला. "आमच्याकडून काही राहिलंय का?"

"नाही, नाही. मी साहेबांना... आत्ताच कळलं मला."

"कोण आहे रे?" आतून बाईमाणसाचा आवाज आला.

"हॉटेलातनं आल्यात कुणी. बाबांच्या ओळखीच्या."

"कंपनीच्या मीटिंगा होतात ते हॉटेल?" साहेबांच्या पत्नी पदर सावरत बाहेर आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, डोळे सुजलेले. बाईंकडे बघून त्यांचा चेहरा उजळला, अगदी स्पष्ट उजळला. "या ना, आत या. मी म्हटलंच होतं याला, कुणीतरी येईल कंपनीकडून. बसा."

खोलीत एक लांबट सोफा, इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात औषधांचा डबा अजून तसाच. मधल्या मेजावर साहेबांचा फोटो होता, तरुणपणचा, मिशांचा. हे साहेब बाईंनी कधी पाहिले नव्हते.

"वहिनी, मी..." बाईंनी पक्कं केलेलं वाक्य जुळवायला घेतलं.

पण वहिनींना तीन आठवडे साठलेलं बोलायचं होतं. "पाच वर्षं हो. निवृत्त झाले तरी कंपनीने सोडलं नाही यांना. महिन्याचा पहिला बुधवार ठरलेला. मंगळवारपासून शर्टाची इस्त्री, बुटांना पॉलिश. म्हणायचे, मी गेलो नाही तर करार अडतो. मी म्हणायची, अहो आता तरी आराम करा. तर म्हणायचे, माणसं माझ्यावाचून खोळंबतात तिकडे. मग मीही काही म्हणायची नाही. एरवी महिनाभर त्या खुर्चीत गप्प बसून असायचे. पण बुधवारी संध्याकाळी आले की चांगले दोन दिवस बोलके असायचे. आणि गेल्यावर बघा, कंपनीतलं चिटपाखरू फिरकलं नाही. फार वाईट वाटलं. आज तुम्ही आलात, बरं झालं." त्यांनी डोळे टिपले. "चहा टाकते. बिनसाखरेचा नाही ना लागत?"

"कसाही चालेल," बाई म्हणाल्या.

वहिनी आत गेल्या. म्हणजे साहेबही. तिकडे आपण रकान्यात खोटं काम भरत होतो, इकडे साहेब टाय बांधत होते. एका माणसाला दुसऱ्या माणसाशी दोन शब्द बोलायला जायचं आहे, एवढं साधं कारण त्यांनाही घरात सांगता आलं नव्हतं.

मुलगा समोर बसला. त्याने स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, आई नाही तोवर विचारतो. कंपनी खरंच बोलवत होती त्यांना?"

बाई फोटोकडे बघू लागल्या.

"कारण मला पटत नव्हतं. त्यांची ती फाइल मी उघडून बघितली एकदा. आत कोरे कागद. मग मागच्या बुधवारी, म्हणजे गेल्या महिन्यात हो, ते निघाले तेव्हा मी दारात म्हटलं, 'बाबा, कशाला नाटक करता? तुम्हाला कुणी बोलवत नाही. खोकताय एवढं, गप घरी बसा.'" तो हाताची बोटं एकमेकांत अडकवून बघत राहिला. "ऐकून घेतलं. बूट घातले आणि गेले. त्यानंतर मी सॉरी म्हणणार होतो. राहिलं ते. आईला हे माहीत नाही."

तर त्या दिवशीचा तो प्रश्न इथून आला होता. ज्या दारातून आपण आत आलो त्याच दारात ते ऐकून, बस पकडून, साहेब टेबलाशी आले होते आणि त्यांनी विचारलं होतं, खरं सांगा. आणि आपण त्यांना करार सांगितला होता.

खरं आता बाईंच्या ओठांवर होतं. नाही, कंपनीला तुमचे वडील आठवतही नाहीत. मी बोलवत होते, मला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. हे म्हटलं असतं तर बाई क्षणात त्या घरच्या झाल्या असत्या, किंवा कायमच्या परक्या. पण मुलगा सांगत होता ते नाटक खरंच नाटक ठरलं असतं. आणि आत चहा गाळणाऱ्या त्या बाईंच्या पाच वर्षांच्या इस्त्रीचं काय झालं असतं? नवरा दर महिन्याला कुणा बाईबरोबर जेवायला जात होता आणि घरी काम सांगत होता. हे कितीही निर्मळ असलं तरी ऐकणारीने ते कसं ऐकायचं? बाईंना एका जागेची आस होती. ती जागा मिळवायला साहेबांना त्यांच्या जागेवरून उठवावं लागणार होतं.

"बोलवत होती म्हणजे काय," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज तोच झाला, सभागृहं आणि तलाव सांगणारा, फक्त आता न घाबरता. "सगळी नवी पोरं तिथे. कुठल्या पाहुण्याला काय चालतं, कुठल्या अटीवर अडून बसायचं, त्यांना काय कळतंय. तुमच्या वडिलांना विचारल्याशिवाय आमचा एक कागद हलायचा नाही. महिन्यातून एकदा बसावंच लागायचं."

"आणि ते कोरे कागद?"

"त्यांना कागद लागत होते कुठे? सगळं डोक्यात. फाइल समोर ठेवली की समोरचा दबून असतो, म्हणून ठेवायचे. मी बघितलंय ना, चांगले चांगले घाबरायचे त्या फाइलला."

मुलगा हसला. मग हसता हसता त्याने तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले. "म्हणजे मीच मूर्ख," तो म्हणाला.

"तुम्ही काळजीपोटी म्हणालात. त्यांना ते कळलं होतं."

"तुम्हाला बोलले ते?"

"मुलगा काळजी करतो म्हणाले," बाईंनी सांगितलं. तीस वर्षांत त्यांनी इतकं खोटं एका दमात कधी विकलं नव्हतं. आणि घेणाऱ्याने इतक्या गरजेने कधी घेतलं नव्हतं.

चहा आला. वहिनी जवळच्या खुर्चीत बसल्या. "शेवटच्या बुधवारी कसे होते हो? काही बोलले?"

"पुढच्या महिन्याच्या कामाचं बोलत होते."

"तेच," वहिनी मान हलवत म्हणाल्या. "शेवटपर्यंत काम. तुमची यांची ओळख जुनी असेल?"

बाईंनी कप बशीत ठेवला. समोर फोटो होता. त्यातला तरुण मिशीवाला त्यांना ओळखत नव्हता, ते बरं झालं.

"कामापुरती," त्या म्हणाल्या.

"तेवढ्या ओळखीवर आठवणीने आलात, हेच पुष्कळ. तुम्हा लोकांना किती माणसं भेटत असतील. सगळी कुठली लक्षात राहायला."

"नाही राहत सगळी," बाई म्हणाल्या.

कामापुरत्या ओळखीच्या बाईने किती वेळ बसायचं असतं? एक कप चहा. रडायचं तर नसतंच. बाईंनी चहा संपवला, फोटोला नमस्कार केला, वहिनींचा हात हातात घेतला आणि रीतीपेक्षा एक क्षण जास्त धरून ठेवला. मुलगा दारापर्यंत आला. त्याने कंपनीतल्या सगळ्यांना नमस्कार सांगा म्हटलं; बाईंनी सांगते म्हटलं. दार लागलं.

एक मजला उतरून बाई थांबल्या. वरच्या घराची जिन्याकडची खिडकी उघडी असावी. वहिनींचा आवाज स्वच्छ खाली येत होता, फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या. "अगं, आत्ताच येऊन गेल्या. हो ना, कंपनीने खास माणूस पाठवला. याला म्हणाल्या, त्यांच्यावाचून कागद हलायचा नाही. आता सांग, उगाच म्हणत होते का ते?" कितीतरी दिवसांनी त्या आवाजात जीव आला असावा, असं वाटत होतं.

बाई कठड्याला धरून ऐकत राहिल्या, आणि मग त्यांना रडू आलं. वर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी रुमाल तोंडावर दाबला. खालून भाजीची पिशवी घेऊन एक म्हातारी दर पायरीला दम खात वर येत होती. ती बाईंपाशी येऊन थांबली, त्यांचा चेहरा तिने निरखला आणि वरच्या दाराकडे बघितलं.

"साहेबांकडे आला होतात का? फार भला माणूस होता," ती म्हणाली. "तुम्ही नात्यातल्या?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कंपनीतून आले होते."

त्यांनी अंग चोरून म्हातारीला वाट दिली आणि ती वर पोचेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग डोळे पुसून जिना उतरू लागल्या.